अर्धे निदान

कावीळ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की घरातील वडीलधारे माणूस कोणत्याही तपासणीची वाट न पाहता निदान करून मोकळे होते. मग कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कोणी चुन्याच्या निवळीने हात धुऊन पिवळे पाणी दाखविणाऱ्या जाणत्याकडे जातो, तर कोणी झाडपाल्याचे औषध घेण्यासाठी भल्या पहाटे दूरचे गाव गाठतो. काही आठवड्यांत बहुतेकांना आराम पडतो आणि श्रेय माळेला, मंत्राला किंवा पाल्याला मिळते. वस्तुतः दूषित पाण्यातून पसरणारी, हेपॅटायटिस ए आणि ई या नावांनी ओळखली जाणारी कावीळ बहुतांश रुग्णांचे शरीर आपल्या बळावरच परतवून लावते. गर्भवती स्त्रीच्या जिवावर ई हा प्रकार बेतू शकतो, हा त्यातील गंभीर अपवाद. एरवी काम निसर्ग करतो आणि मजुरी दुसराच कोणी घेऊन जातो.

या अनुभवातून समाजात एक समजूत खोलवर रुजली. यकृताचा आजार डोळ्यांना दिसतो आणि जो दिसत नाही तो नसतो, ही ती समजूत होय. हेपॅटायटिस सी या विकाराने ती पार खोटी ठरविली आहे. हा विषाणू पाण्यातून किंवा अन्नातून येत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. त्याची बाधा झालेल्या बहुसंख्यांना सुरुवातीस कावीळही होत नाही. अंगात कणकण, थोडा थकवा, फार तर भूक मंदावणे, एवढ्यावर ते निभावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ३० टक्के बाधितांच्या शरीरातून सहा महिन्यांच्या आत विषाणू कोणत्याही उपचाराविना नाहीसा होतो. उरलेल्या सुमारे ७० टक्क्यांत तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरीत राहतो. अशांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत सिरॉसिस, म्हणजे यकृत कठीण व निकामी होण्याचा विकार जडतो. त्यांतील काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. पोटात पाणी साठून किंवा रक्ताची उलटी होऊन रुग्ण जेव्हा दवाखान्यात येतो, तेव्हा 'दारू पीत होता काय' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, त्यालाही या प्रश्नाचे उत्तर देत बसावे लागते.

डोळ्यांना न दिसणारा हा रोग फक्त प्रयोगशाळेला दिसतो. म्हणूनच हेपॅटायटिस सीच्या संदर्भात निदानाचा प्रश्न हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न राहत नाही. प्रयोगशाळा कोणाच्या आवाक्यात आहे आणि कोणाच्या नाही, हा अर्थकारणाचा आणि शासनव्यवहाराचा प्रश्न बनतो. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने तर तो अधिकच कळीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ५७ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहतात. नीती आयोगाने २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते, त्यांत गडचिरोली, नंदुरबार व वाशीम यांच्यासमवेत तत्कालीन उस्मानाबादचे नाव होते, हे येथील वाचकांस ठाऊक आहे.

प्रयोगशाळेलाही हा रोग सहजासहजी दिसलेला नाही. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या यमुनेच्या पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली, तेव्हा ती ए प्रकारचीच असावी असे मानले गेले. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची अनेक वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती दुसऱ्याच विषाणूची साथ असल्याचे कळले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी भारतातील काविळींचे हे कोडे उलगडण्यात मोलाचा वाटा उचलला आहे. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची कथाही अशीच. बारूख ब्लुमबर्ग यांनी बी विषाणूचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु बीची तपासणी केलेले रक्त देऊनही काही रुग्णांना कावीळ होतच राहिली. अमेरिकेत हार्वी आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास दाखवून दिले की, ही कावीळ ना एची, ना बीची. पुढे चौदा वर्षे या रोगाला 'ए नव्हे, बी नव्हे' एवढीच ओळख होती. १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा एक तुकडा हाती मिळविला आणि त्यातून चाचणी तयार झाली. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कार्याबद्दल २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या चाचणीचे स्वरूप नीट समजून घेतले नाही, तर पुढील सारा गोंधळ समजणार नाही. हेपॅटायटिस सीचे निदान दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात रक्तामध्ये या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आहेत काय, हे पाहतात. ही तपासणी बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त पट्टीवर घेऊन अर्ध्या तासाच्या आत होऊ शकते, किंवा एलायझा पद्धतीने प्रयोगशाळेत होते. परंतु प्रतिपिंड म्हणजे विषाणू नव्हे. चोर घरात शिरला होता, याची ती खूण आहे. चोर अद्याप घरातच आहे की निघून गेला, हे ती खूण सांगू शकत नाही. ज्यांचा विषाणू आपोआप नाहीसा झाला, त्यांच्या आणि जे औषधाने पूर्ण बरे झाले त्यांच्याही रक्तात ही प्रतिपिंडे पुढे दीर्घकाळ, बहुधा जन्मभर राहतात. उलटपक्षी, नुकतीच बाधा झालेल्याच्या रक्तात ती दिसू लागण्यास दोन-तीन महिनेही लागतात. म्हणून दुसरा टप्पा अपरिहार्य ठरतो. त्यात विषाणूचे जनुकीय द्रव्य रक्तात प्रत्यक्ष आहे काय आणि किती आहे, हे पीसीआरसारख्या पद्धतीने मोजतात. विषाणूभाराची ही तपासणी झाल्याखेरीज माणूस रोगी आहे, असे म्हणता येत नाही.

पहिल्या टप्प्यावर थांबण्याचा धोका साध्या अंकगणिताने स्पष्ट होतो. समजा, एखाद्या तालुक्यात १,००० लोकांची तपासणी केली आणि त्यांपैकी केवळ पाच जणांना या विषाणूची बाधा झालेली आहे. चाचणी इतकी चांगली आहे की, निर्दोष माणसांपैकी ९९ टक्क्यांना ती बरोबर निर्दोष ठरविते. तरीही उरलेल्या ९९५ जणांपैकी सुमारे दहा जणांच्या माथी ती खोटा दोष मारील. म्हणजे एकूण पंधरा जणांच्या अहवालावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द उमटेल आणि त्यांतील दहा जणांचा रोगाशी काडीचाही संबंध नसेल. खरोखर बाधा झालेल्या पाचांपैकीही एक-दोघांच्या शरीरातून विषाणू आधीच निघून गेलेला असेल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु रोग जेथे विरळ असतो, तेथे पहिल्या चाचणीचा कौल शंकेने पाहिला पाहिजे, हा त्यातील नियम सर्वत्र लागू आहे.

आता या अर्ध्या निदानाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, ते पाहावे. हर्नियाच्या किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची तपासणी होते. रक्तदान शिबिरात दिलेल्या बाटलीची तपासणी होते. बाळंतपणाच्या वेळी होते. तेथे अहवालात तो एक शब्द येतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते किंवा 'मोठ्या दवाखान्यात जा' असे सांगण्यात येते. दुसरी तपासणी सोलापुरास, लातुरास किंवा पुण्यास करावी, असा सल्ला मिळतो. खासगी प्रयोगशाळेत विषाणूभाराच्या एका तपासणीस काही हजार रुपये पडतात. त्यात येण्याजाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचा खर्च आणि दोघांची बुडालेली मजुरी मिळवावी, आणि अहवाल आणण्यासाठी हाच प्रवास पुन्हा करावा लागेल हे लक्षात घ्यावे. भूम किंवा लोहारा तालुक्यातील शेतमजूर अशा वेळी काय करील? त्याला काही दुखत नाही, काही खुपत नाही. तो घरी परततो आणि कागद ट्रंकेत ठेवून देतो. त्याच्या अंगात विषाणू असेल, तर तो वीस वर्षे निर्वेधपणे आपले काम करीत राहतो. आणि नसेल, तर नसलेल्या रोगाची धास्ती त्या घरात कायमची वस्तीला येते. दोन्ही परींनी नुकसान त्याचेच आहे.

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार हा इतर बाजारांसारखा का नसतो, याची चिकित्सा केली होती. धान्य किंवा कापड घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत, हे कळते. रुग्णाला ते कळत नाही. हेपॅटायटिस सीच्या दुसऱ्या तपासणीचे मोल काय, हे ज्याला ती हवी त्यालाच माहीत नसते. म्हणून ती त्याने आपण होऊन विकत घ्यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय एका रुग्णाच्या बरे होण्याचा लाभ त्याच्यापुरता राहत नाही. ज्याच्या रक्तातील विषाणू गेला, त्याच्यापासून दुसऱ्यास होणारा संसर्ग थांबतो. ज्या वस्तूचा लाभ खरेदी करणाऱ्याखेरीज इतरांनाही मिळतो, ती बाजारावर सोडली असता समाजाला पुरेशी कधीच मिळत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते.

एके काळी या आजारात निदानाची घाई नव्हती, कारण उपचारच दुर्लभ होता. इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. त्यांचा त्रास भयंकर, खर्च सामान्यांच्या कल्पनेपलीकडचा आणि गुण येईलच याची खात्री नाही. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर हे तोंडाने घ्यावयाचे औषध आले आणि चित्र पालटले. तेथे बारा आठवड्यांच्या उपचारास ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीस १,००० डॉलर पडत. २०१४ साली भारतीय कंपन्यांना हे औषध बनविण्याचे परवाने मिळाले आणि किंमत पाहता पाहता कोसळली. आज सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्यांच्या बारा आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. केंद्र शासनाने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद असून २०३० पर्यंत हेपॅटायटिस सीचे उच्चाटन हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. औषध स्वस्त झाले, विनामूल्यही झाले. अडले आहे ते औषधापाशी नव्हे. अडले आहे ते निदानापाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली भारतात हेपॅटायटिस सीचे सुमारे ५५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला आहे, आणि जगभरातील अशा रुग्णांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांचे निदान झाले असल्याचे म्हटले आहे. देशाची ही सरासरी धाराशिव जिल्ह्याच्या लोकसंख्येस जशीच्या तशी लावली, तर सहा हजारांहून थोडी अधिक संख्या येते. रोग सर्वत्र सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे हा आकडा प्रमाण मानता येत नाही. परंतु या संख्येच्या निम्मे किंवा चौथाई रुग्ण जरी असले, तरी ती हजारांच्या घरातील माणसे आहेत, आणि बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होणारी आहेत.

ही माणसे कोठे शोधावयाची? विषाणू रक्तातून जातो, एवढे एक सूत्र धरले तरी वाट सापडते. भारतातील रक्तपेढ्यांत हेपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्यापूर्वी, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर, १९९८ च्या आरंभापासून पैसे घेऊन रक्त विकण्यावर बंदी आली. तोवर रक्ताचा मोठा भाग व्यावसायिक रक्तदात्यांकडून येत असे. म्हणजे २००२ पूर्वी ज्यांना रक्त चढविले गेले, ते या विषाणूच्या दृष्टीने न तपासलेलेच रक्त होते. या जिल्ह्यात ही बाब केवळ पुस्तकी राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि जखमींची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. त्या जखमींपैकी ज्यांना रक्त द्यावे लागले, त्यांचे प्राण त्या रक्तानेच वाचले, आणि देणाऱ्यांच्या ऋणातून कोणी मुक्त होऊ शकत नाही. परंतु १९९३ साली त्या बाटल्यांतील हेपॅटायटिस सी तपासण्याची सक्ती देशात कोठेच नव्हती, हेही तितकेच खरे आहे. त्या रक्तातून किती जणांना बाधा झाली किंवा कोणास झाली काय, याविषयी तर्क लढविण्याचे कारण नाही. वाचलेल्या त्या माणसांची एकदा तपासणी करणे पुरेसे आहे. या विषाणूला यकृत निकामी करण्यास लागणारी वीस-तीस वर्षे त्या पहाटेपासून मोजली, तर ती भरून गेली आहेत.

सुईचा विचारही असाच केला पाहिजे. 'सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही' आणि 'सलाइन लावल्याशिवाय ताकद येत नाही' या समजुती खेडोपाडी अजून पक्क्या आहेत. एकच सुई अनेकांना वापरली गेली, तर काय घडते, याचे दाखले दूरचे नाहीत. गुजरातेतील मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हेपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचे बळी गेले. इजिप्तमध्ये तर विसाव्या शतकात एका कृमिरोगाविरुद्ध शासनानेच चालविलेल्या इंजेक्शन मोहिमेत काचेच्या सिरिंजा पुरेशा निर्जंतुक न करता वापरल्या गेल्या आणि अख्ख्या देशात हेपॅटायटिस सी पसरला. त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून, बाधितांना औषधे देऊन हे पाप धुऊन काढले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाच्या या कामगिरीची विशेष दखल घेतली. आपल्याकडे पंजाबने २०१६ पासून या रुग्णांना विनामूल्य औषधे देण्याची योजना राबविली. जत्रांतील गोंदणाची सुई, न्हाव्याचा वस्तरा, डायलिसिसचे यंत्र या साऱ्यांकडे याच दृष्टीने पाहावे लागेल.

येथे नेहमीचा आक्षेप पुढे येईल. अवर्षणाने गांजलेल्या, अ‍ॅनिमिया आणि क्षय यांच्याशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात जनुकीय तपासणीची चैन परवडणार काय? खेड्यातील माणूस अशा तपासणीस पुढे तरी येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इजिप्तपर्यंत जाण्याची गरज नाही. ते याच जिल्ह्याने दिले आहे आणि जगाने ते मान्य केले आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिओन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला. ५२ आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांतील गावांचे चार गट करण्यात आले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची जनुकीय तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था, अशी योजना होती. विषाणूच्या तपासणीसाठी बोलावलेल्या स्त्रियांपैकी चारांतील तिघींहून अधिक जणी प्रत्यक्ष आल्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या विषाणूच्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींना असे निर्णायक यश मिळाले नाही.

चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिकदृष्ट्या योग्य होते काय, यावर पुढे वाद झाला आणि तो अस्थानी नव्हता. ज्या स्त्रियांच्या वाट्यास काहीच आले नाही, त्यांच्या मृत्यूंच्या आकड्यावरच त्या निष्कर्षाचे वजन उभे आहे, हे विसरता येणार नाही. परंतु याच कारणाने त्या प्रयोगाचे ऋण या जिल्ह्याकडे नव्हे, तर जगाकडे निघते. जगभरच्या स्त्रियांच्या तपासणीचे धोरण ठरविताना या गावांतील अनुभवाचा आधार घेण्यात आला. शेतात राबणारी बाई तपासणीस येते, तिचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोचविता येतो, अहवाल तिच्यापर्यंत परत आणता येतो आणि जनुकीय तपासणी ही चैन नसून सर्वांत किफायतशीर शस्त्र ठरू शकते, हे उस्मानाबादने सिद्ध केले. त्याच उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, हेपॅटायटिस सीच्या बाबतीत 'हे येथे जमणार नाही' असे कोणी सांगू लागले, तर तो त्या स्त्रियांचा अवमान होईल.

साधनांचीही उणीव सांगण्यासारखी नाही. २०२० च्या कोविड साथीत आरटी-पीसीआर हा शब्द गल्लीबोळांत पोचला आणि विद्यापीठाच्या येथील उपकेंद्रातही त्या तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली. क्षयाच्या निदानासाठी देशभरातील जिल्ह्यांत जी जनुकीय तपासणीची यंत्रे आली, त्यांवर योग्य ते कार्ट्रिज घालून हेपॅटायटिस सीचा विषाणूभारही मोजता येतो. एक यंत्र एकाच रोगासाठी राखून ठेवावयाचे आणि शेजारच्या खोलीतील रुग्णास ऐंशी किलोमीटरवर धाडावयाचे, हा काटकसरीचा नव्हे, खातेनिहाय अहंतेचा प्रकार होय.

तेव्हा करावयाचे काय? सर्व १६ लाख लोकांचे रक्त तपासत सुटणे हा उपाय नव्हे. वर दाखविलेले अंकगणितच त्याविरुद्ध आहे. ज्यांना धोका अधिक, त्यांची तपासणी प्रथम झाली पाहिजे. २००२ पूर्वी रक्त घेतलेले लोक, डायलिसिसवरील रुग्ण, ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागते असे थॅलेसेमियाचे रुग्ण, एचआयव्हीबाधित, नशेची इंजेक्शने घेणारे आणि सुया हाताळणारे आरोग्य कर्मचारी हे त्यांत आले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या टप्प्यात दोष दिसला, तर रुग्णास पुन्हा न बोलाविता त्याच वेळी घेतलेल्या रक्तावर दुसरी तपासणी प्रयोगशाळेनेच आपोआप करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली नेमकी हीच शिफारस केली आहे. प्रवास करावयाचा तो नळीने, माणसाने नव्हे. नमुना वेळेत वेगळा करून शीतपेटीतून पाठविणे हे लसी पोचविणाऱ्या यंत्रणेस अवघड जाऊ नये. तिसरे असे की, 'पॉझिटिव्ह' एवढा एकच शब्द लिहून कोणाच्याही हाती कागद देऊ नये. 'ही पहिली तपासणी आहे. रोग आहे की नाही, हे दुसऱ्या तपासणीनंतर कळेल' हे दोन मराठी वाक्य त्यावर छापण्यास कोणता निधी लागतो?

उपचार संपल्यावरही निदानाचे काम संपत नाही. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी विषाणूभार पुन्हा मोजावा लागतो; तो आढळला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे म्हणतात. त्या अहवालाची प्रत रुग्णाने जन्मभर सांभाळली पाहिजे, कारण त्याची पहिली चाचणी यापुढेही दोष दाखवीतच राहील आणि एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळी तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहील. येथे या भागातील एक वास्तव लक्षात घेणे भाग आहे. वाशी, भूम, कळंब या पट्ट्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्यात परततात. तपासणीची शिबिरे हिवाळ्यात भरविली, तर गावात म्हातारी माणसेच भेटतील. परतल्याबरोबर तपासणी आणि पावसाळ्यात उपचार, असे वेळापत्रक आखले, तर बारा आठवड्यांच्या गोळ्या गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी संपू शकतात. शासकीय कार्यक्रम फसतात ते पुष्कळदा पैशाअभावी नव्हे, तर पंचांगाच्या अज्ञानामुळे.

गुप्ततेचा प्रश्नही गौण नाही. गावात बातमी फुटली, तर ठरलेले लग्न मोडते, भांडी वेगळी ठेवली जातात, शेजारी अंगणात येईनासे होतात. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा एका घरात राहिल्याने पसरत नाही, हे सांगण्याचे काम शिक्षकवर्ग फार चांगले करू शकेल. शाळा आणि महाविद्यालये यांतून रक्तदान शिबिरे नित्य होतात. रक्तदात्यास त्याच्या रक्तात काय आढळले, हे विश्वासात घेऊन सांगितले गेले पाहिजे आणि दुसऱ्या तपासणीपर्यंत त्याचा हात सोडता कामा नये. ज्याने दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी रक्त दिले, त्याला स्वतःच्या आजाराविषयी अंधारात ठेवण्यासारखा कृतघ्नपणा नाही.

शेवटी, या कामाचा हिशेब लोकांसमोर आला पाहिजे. जिल्ह्यात वर्षभरात किती जणांची पहिली तपासणी झाली, त्यांत किती जणांत दोष आढळला, त्यांपैकी किती जणांची दुसरी तपासणी पुरी झाली आणि किती जण बरे झाले, हे चार आकडे आरोग्य खात्याने दरवर्षी २८ जुलैच्या जागतिक हेपॅटायटिस दिनी प्रसिद्ध करावेत. भाषणे आणि फेऱ्या त्यानंतर व्हाव्यात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतील अंतर म्हणजेच अर्धे निदान होऊन घरी परतलेल्या माणसांची संख्या होय. ते अंतर जितके कमी, तितका कार्यक्रम खरा. २०३० हे साल आता दूर राहिलेले नाही, आणि रोग कोणत्याही घोषित उद्दिष्टाची वाट पाहत थांबत नाही.